मणकेबाबांची फुंकर

"चालला! लाकूड झालेला माणूस चालला!"

मणकेबाबांच्या सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. चालणारा माझा धाकटा भाऊ होता. मी टाळी वाजवली नाही.

तो घरं रंगवायचा. छत रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पंचविशीतच कंबर धरली, तेव्हा सगळे म्हणाले, "दिवसभर मान वर करून काम, दुसरं काय होणार!" डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, तर स्वारी मणकेबाबांकडे.

बाबा भल्या सकाळी बोलवायचे. तासभर सभागृहाभोवती फेऱ्या, मग पाठीवर फुंकर. "गेली ना कळ? आता घरी निपचित पडून राहा. हललास की शक्ती सांडली! गोळ्याही बंद. दोन डगरींवर पाय नको."

"शक्ती म्हणजे काय दूध आहे, सांडायला?" मी म्हटलं.

"ताई, गप्प बस गं. मला बरं वाटतंय ना!"

वाटायचं खरं. मग तो गादीवर पडायचा, सकाळी पुन्हा लाकूड, पुन्हा बाबा. अशी आठ-नऊ वर्षं गेली. मान वर होईना, तेव्हा कुठे तो माझ्याबरोबर सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आला.

"पडून राहिल्यावर दुखतं, की चालल्यावर?" त्यांनी विचारलं.

"पडून राहिल्यावर. चाललं की सुटतं."

"मग बाबांनी तेच केलं. चालवून सोडवलं, निजवून पुन्हा आखडवलं. फुंकर आपली शोभेची! ही कण्याची सूज आहे. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. रंगकामाचा दोष नाही. औषधाविना सूज आत धुमसत राहिली आणि मणके एकमेकांना जुळले."

"आता सुटतील?"

"जुळलेले नाही. बाकीचे जपायला औषध आहे, व्यायाम आहे."

दुसऱ्या सकाळी मी त्याला गच्चीवर चालवलं. ना बाबा, ना फुंकर. हळूहळू अंग मोकळं झालं आणि तो मटकन खाली बसून रडला. "एवढंच होतं, ताई?"

बाबांकडे अजूनही गर्दी असते. तरुण वयात कंबर सकाळी आखडत असेल, चालल्यावर सुटत असेल, तर बाबांनो, आधी डॉक्टर गाठा. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं.

औषधानं भावाचं दुखणं आता पुष्कळ उतरलंय. तो भिंती रंगवतो, छत जोडीदार करतो. काल डबा द्यायला गेले, तर काम संपवून तो खोलीच्या मधोमध उभा होता, नजर जमिनीवर.

"ताई, जरा वर बघ ना," तो म्हणाला. "छत कसं झालंय?"