रेघेपर्यंत पाणी

ड्रॉपरची रबरी टोपी कोरडी, कडक — म्हणजे इतक्या दिवसांत हिने तो एकदाही दाबलेला नाही. प्रवाळाच्या टाकीच्या काचेवर तर हिरवं शेवाळ चढलंय, छान, आणखी काय अपेक्षा ठेवायची... जाण्याआधी त्याने सुनेला पुन्हा पुन्हा पढवलं होतं : पाण्यातले क्षार तपासायचे, कॅल्शियमचे थेंब मोजून घालायचे, दिवा किंचित सरकवायचा. तिने मान डोलावली होती. मान डोलावण्यात ही पटाईत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो लेकीकडे राहायला गेला आणि इथे हिचं राज्य — आता प्रवाळाचा नुसता सांगाडा उरला असणार, पांढराफटक. आणि मी बोललो की मुलगा म्हणणार, बाबा, जाऊ द्या हो.

त्याने घासणीने काच पुसली.

आत प्रवाळ फुललं होतं. जांभळी बोटं लांब सुटलेली, पाण्याबरोबर सावकाश डुलणारी; त्याच्या हाताखाली ते कधी अर्ध्याच्या वर उघडलं नव्हतं. फार नाजूक जात, असं तो पाहुण्यांना सांगे, आणि त्या अडाण्यांना काही कळत नाही याची मनातल्या मनात मजा घेई.

"काय काय घातलंस पाण्यात?"

"काही नाही, बाबा." सून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. "आटलं की तुम्ही काचेवर आखलेल्या रेघेपर्यंत साधं फिल्टरचं पाणी. बाकी हातच लावला नाही. काही चुकलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

मुलगा लहानपणी अडखळत बोलायचा. रोज संध्याकाळी समोर बसवून एकेक शब्द घोटून घेतला मी, जीव ओतला... आणि माझी परगावी बदली झाली त्या वर्षी पोरगं फोनवर घडाघडा बोललं. मी घरात नव्हतो म्हणून — छे! वयाबरोबर सुटतंच ते. निव्वळ योगायोग.

"असं फुललंय म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला, आणि बाही सारून त्याने टाकीत हात घातला, उगाचच, खडक नीट करायला. प्रवाळ आक्रसलं. बोटं भराभर आत गेली.

"बघितलंस?"

सुनेने वाकून प्रवाळाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"हो, बाबा."

त्याला हायसं वाटलं — इतकं, की स्वतःचीच शिसारी आली. हात बाहेर काढला की ते पुन्हा उघडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने हात पाण्यातच ठेवला.