कडक रबर

रामरावला मऊ टायरचा भारी राग. राजूरच्या कोळशाच्या खाणीवर त्याचे ट्रक चालायचे, आणि टायर घेताना तो आधी अंगठ्याचं नख रुतवून पाहायचा. नख रुतलं की टायर बाद. खाणीच्या रस्त्यावरचे दगड मऊ रबर सरळ चिरून टाकतात. असाच एक चिरलेला नवा टायर ऐन उतारावर फुटला आणि त्याचा ड्रायव्हर भावसिंग गेला. तेव्हापासून कडक रबराशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरेचना.

आणि पोरगा पाहा! गोपालनं नागपूरहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकेल की काय एवढी बुटकी. तिचे टायर घासून पार गोटा झाले होते. नव्या टायरवरून बापलेकात जुंपली.

"लोण्यासारखा मऊ हाय हा, लेका," गोपालनं मागवलेल्या कोऱ्या टायरवर नख रुतवत रामराव म्हणाला. "फुटन एखाद्या दिवशी."

"बाबा, हा कोळशाचा ट्रक नोहे. या गाडीले रस्ता धरणारं मऊ रबरच लागते. अन् नुसता काटा, वरची नक्षी पाहून भागत नाही, टायरचं वय पाहा लागते. पडून राह्यलेला टायर वरून कोरा दिसते, पण अंदरून वाळलेला राह्यते. स्पीडमंधी तुकडे होतात त्याचे."

"मले नको शिकवू. टायर पाहण्यात माही हयात गेली."

गोपालनं हात जोडले. वर बापाचं मन राखायला म्हणून टायर बसवून आणायचं काम त्याच्यावरच सोपवलं आणि ड्युटीवर गेला. शहाणं पोरगं, पण बापाला ओळखलं नाही त्यानं.

रामराव गाडी आणि नवे टायर घेऊन थेट हिरासिंगच्या दुकानात. हिरासिंगचा जुन्या टायरचा धंदा, ट्रकच्या जमान्यापासूनची दोस्ती. त्याच्या शेडमध्ये गोपालच्या टायरच्याच मापाचे, त्याच कंपनीचे चार टायर टांगलेले होते. कधीपासून, ते हिरासिंगलाही सांगता येईना. वरच्या नक्षीचा काटा मात्र जसाच्या तसा. रामरावनं नख लावलं, तर नखच दुखलं!

"असा पाह्यजे टायर!" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"एक बार पोराले फोन तं करून पाहा," हिरासिंग म्हणाला.

"कायले? बाप तो हाय का मी?"

नवे टायर दुकानात राहिले आणि टांगलेले गाडीला चढले. वरून काळं पॉलिश मारून घेतलं. पोराचा जीव वाचावा म्हणूनच केलं होतं हो त्यानं सगळं. त्यामुळे पोराला सांगायची गरज काही त्याला वाटली नाही. संध्याकाळी गोपालनं टायरवरचं कंपनीचं नाव पाहिलं, चाकावर थाप मारली आणि खूश झाला.

पुढच्या रविवारी दोघं आर्णीला निघाले, गोपालच्या बहिणीकडे, दीपाकडे. मे महिन्यातली दुपार. यवतमाळ मागं पडलं, सिमेंटचा चौपदरी रस्ता लागला आणि धग काचेतून आत येऊ लागली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गोपालनं पाय दाबला.

"घाबरू नका, बाबा. नव्या टायरच्या भरवशावर पळवून राह्यलो. जुने असते तं साठच्या वर नेली नसती."

रामरावनं खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात त्याच्या सीटमागून आवाज सुरू झाला. टक, टक, टक. गोपालला तो सिमेंटच्या सांध्यांचा वाटला असेल. रामरावला नाही वाटला. टायरचा वरचा पट्टा सुटू लागला की कसा वाजतो, हे त्यानं ट्रकखाली कितीदा ऐकलं होतं.

आता तरी तोंड उघड की रे बाबा! पण कोणत्या तोंडानं सांगणार?

"गाडी थांबव," तो म्हणाला.

"काहून?"

"लघवीले लागली."

"थोडं धरा ना. पुढं धाबा हाय, सावलीत थांबू."

सरळ सांगायचं सोडून लघवी सुचली माणसाला! आवाज वाढला. स्पीडचा काटा शंभरच्या पुढं गेला. पोरगं मजेत शीळ घालत होतं.

"गोपाल, हळू घे रे! तुहे टायर नाहीत हे. मी बदलले. जुने हायेत, हिरासिंगकडचे!"

गोपालचा पाय उचलला गेला, पण मान बापाकडे वळली. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर रामरावनं सोसला असता.

"काहून, बाबा?"

टकटक थांबली. रबराचा काळा पट्टा मागं उडताना आरशात दिसला, गाडीचं बूड फिरलं आणि दुभाजक आडवा समोर येऊ लागला. रामरावनं आधाराला काही धरलं नाही. त्यानं आपला हात पोराच्या छातीपुढं आडवा लावला. पोरगं लहान असताना ट्रकमध्ये ब्रेक लागला की लावायचा, तस्सा.