सामाईक भिंतीवरचा कागद

"बाई गं, गप्प बसायची खूण तू मला शिकवलीस. पण उद्या मी घरात पडलेबिडले, तर काय वाजवू?"

टेलरकाकूंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या आणि हातात शेजारणीच्या ड्रेसची उसवलेली बाही. तिने हसण्यावारी नेलं. "काहीतरीच काय काकू! तुम्हाला काय धाड भरलीये?"

खूण साधी होती. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. अलीकडे तिची झोपायची खोली, पलीकडे काकूंचं शिलाई मशीन. दहा महिन्यांच्या गोटीचा (गोल गरगरीत म्हणून गोटी) जरा डोळा लागतोय तोच पलीकडे मशीन धडधडायला लागायचं आणि झोपेचं खोबरं व्हायचं. शेवटी दोघींनी ठरवलं, भिंतीवर दोनदा टकटक केलं की गप्प. इकडचा टीव्ही मोठा झाला तर काकूही टकटक करायच्या. कुणी रुसायचं नाही. काकू सत्तरीच्या, एकट्या, मुलगा परदेशात. पण त्या पडल्या तर काय, हा प्रश्न बाहीसोबत शिवून झाला आणि विसरला गेला.

त्या शनिवारी तिने आणि नवऱ्याने त्याच भिंतीला वॉलपेपर लावायला घेतला. जुन्या रंगाचे पोपडे निघत होते आणि रांगणारी गोटी ते तोंडात घालायची. एका रात्री तिने बाळाच्या घशातून पोपडा काढला होता, तेव्हापासून तिला त्या भिंतीकडे बघवत नव्हतं. दुकानदाराने जाड कागद काढून दिला. म्हणाला, यानं थोडा आवाजही अडेल. तिला ते फार बरं वाटलं, हे ती आता लपवत नाही.

आठवडाभर तिने वाचून, बघून सगळं डोक्यात भरून घेतलं होतं. कागदाची पहिली पट्टी ओळंब्याची दोरी टांगून तिच्या सरळ रेषेतच लावायची, कारण ती वाकडी गेली तर पुढच्या सगळ्या वाकड्या. खळ कडेपर्यंत पोचली पाहिजे. दोन पट्ट्यांच्या जोडावर नक्षीतल्या पानाचा देठ देठाला भिडला पाहिजे. प्लास्टिकची पट्टी मधून बाहेर ओढत फुगे काढायचे.

"अगं, भिंत सजवतेस की ऑपरेशन करतेस?" शिडी धरलेला नवरा म्हणाला.

"तू शिडी धर. जिभेला खळ लावीन नाहीतर."

दुपारी तीनच्या सुमारास दुसऱ्या पट्टीवरून तिचा तळवा फिरत होता, तेव्हा ओल्या कागदाखालून हाताला ठोका लागला. टक. टक. मग आणखी एक.

"काकू वैतागल्या," ती कुजबुजली. "पट्टी घासल्याचा आवाज जात असणार."

"शनिवार दुपार आहे, त्यांना म्हणावं कापूस घाला कानात."

"हळू बोल रे! म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखत असेल."

तिने प्लास्टिकची पट्टी खाली ठेवली आणि ओल्या फडक्याने, आवाज न करता फुगे काढायला सुरुवात केली. वेळ दुप्पट लागला. संध्याकाळी पुन्हा टकटक झाली, तेव्हा दोघं मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवशी मशीन एकदाही सुरू झालं नाही. गोटी दोन तास गाढ झोपली. काय शहाण्यासारखी झोपली आज पोर, असं तिने दोनदा बोलून दाखवलं.

रविवारी सकाळी नऊला पुन्हा तेच. टक, टक, टक. अंगात रात्रीच्या जागरणाचा शीण होता, तिसऱ्या पट्टीचा देठ जुळत नव्हता, आणि तिचं डोकं सटकलं. कालपासून आपण मांजराच्या पावलांनी वावरतोय आणि यांचं समाधानच नाही! तिने बोटं वळली आणि भिंतीवर ठणकावून दोनदा वाजवलं.

पलीकडे एकदम शांतता झाली.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "आपणही ठणकावून सांगितलं की कळतं."

बाराच्या आत शेवटची पट्टी बसली. गोटी झोपली होती, टीव्ही बंद, नवरा खुर्चीत डुलक्या घेत होता. उरला होता तो खालचा काठ. ती जमिनीवर आडवी झाली आणि भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या लाकडी पट्टीच्या रेषेत ब्लेड फिरवू लागली. एवढ्यात तिच्या मनगटाशीच, अगदी फरशीला लागून, काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. एक ठोका. बराच वेळ काही नाही. मग दुसरा, इतका हलका की तिला वाटलं, आपलंच नख लागलं.

तिचा हात थांबला. घरात चिटपाखरूही आवाज करत नव्हतं. मग काकू गप्प कुणाला करत होत्या? आणि इतक्या खालून? उभं माणूस, खुर्चीत बसलेलं माणूस, कुणीही भिंत वाजवली तर ती फरशीपाशी वाजत नाही.

"ऊठ! अरे ऊठ, काकू खाली पडल्यात!"

दाराला आतून कडी होती. बेल, हाका, दोन्ही हातांनी थपडा. रखवालदार लोखंडी कांब घेऊन वर येईपर्यंत ती दाराच्या फटीला तोंड लावून ओरडत होती, "काकू, आलो आम्ही! आलोच!" कडी तुटली.

काकू मशीन आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कुशीवर पडल्या होत्या. एक पाऊल नको त्या दिशेला वळलेलं. ओठ कोरडे ठक्क, सालपटं निघालेली. शिवताना बोटात घालायची पत्र्याची टोपी अजून बोटातच होती. त्या टोपीनेच काकू भिंत वाजवत होत्या. टोपीखाली बोट सुजलं होतं.

तिने काकूंचं डोकं मांडीवर घेतलं, ओठांना ओलं फडकं लावलं. काकूंनी डोळे उघडून तिला ओळखलं.

"सकाळी तुम्ही उत्तर दिलंत ना," त्या अडखळत म्हणाल्या. "म्हटलं, ऐकू गेलंय. येतीलच आता. म्हणून मग बराच वेळ नाही वाजवलं."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

आज चौथा दिवस. खुब्याचं हाड मोडलंय, पण डॉक्टरांना त्याची चिंता नाही. इतके तास पाण्याशिवाय पडून राहिल्याने मूत्रपिंडं नीट चालत नाहीयेत. "अजून काही सांगता येत नाही," एवढंच ते रोज सांगतात. मुलाचं विमान उद्या येईल. त्याने फोनवर चारचारदा आभार मानले: तुम्ही शेजारी होतात म्हणून आई सापडली. तिने ऐकून घेतलं. सकाळच्या त्या दोन ठोक्यांबद्दल ती त्याला सांगू शकली नाही. त्या ठोक्यांनंतरचे तीन तास काकू पाण्यासाठी, तिच्यासाठी, गप्प राहून थांबल्या होत्या, हे ती त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

भिंत मात्र नजर लागावी अशी झाली आहे. एक फुगा नाही, जोड शोधूनही सापडत नाही. ती गोटीला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपते.

मुलाला सांगता आलं नाही ते ती तुम्हाला सांगते आहे, आणि बदल्यात एक मागते आहे. तुमच्याही शेजारी, वरच्या मजल्यावर, समोरच्या दारामागे कुणीतरी एकटं राहत असेल. त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकलात, हे आठवत बसू नका. फोनही नको. चपला घाला आणि जा. निमित्त लागत असेल तर वाटीभर साखर मागा. बेल वाजवा, आणि ते माणूस स्वतः दारात येऊन उभं राहीपर्यंत तिथून हलू नका.