कांद्याच्या सालींचं पाणी

आमच्या ह्यांना लेकीचं कौतुक किती! दुकानात कोणी पँटची उंची कमी करायला आलं, तरी क्वेरसेटिन म्हणजे काय ते ऐकूनच जायचं. लेक प्रयोगशाळेत कांद्याच्या सालींमधून हे द्रव्य काढते. त्याने उंदरांचा रक्तदाब उतरतोय, माणसांचाही उतरेल अशी तिला आशा आहे. बस, एवढंच. पण ह्यांच्या तोंडून ऐकावं तर पोरीने अमृतच शोधलंय!

हे रोज साली उकळून ते पाणी प्यायचे. घरभर वास. मी म्हटलं, पिऊ देत बापडे.

परवा दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर हे शिलाई मशीनवर डोकं टेकून बसलेले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. ह्यांचा चष्मा ठेवायला मी बटणांचा खण उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पडलेली.

"गोळ्या बंद केल्यात?"

"सालींचं पाणी घेतोय की."

माझा पारा असा चढला! पण आधी डॉक्टरांकडे नेलं. थोडक्यात निभावलं, त्या म्हणाल्या, आता एकही गोळी चुकवू नका. घरी आलो तोवर लेकही धावत आली.

"बाबा, अहो, हे अजून उंदरांवरच चाललंय! किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

हे मान खाली घालून बसले. मग हळूच म्हणाले, "तू आईपाशी रडत होतीस ना, नुसत्या उंदरांच्या निकालांवर प्रयोगशाळेतले साहेब काम पुढे जाऊ देत नाहीत म्हणून. म्हटलं, एक तरी माणूस तुझ्या बाजूने उभा करावा. शर्टाचा नवा कट मी आधी माझ्याच अंगावर बघतो, तसंच."

ह्या माणसावर चिडावं की त्याला पोटाशी धरावं, मला कळेना.

लेकीचे डोळे भरले, पण आवाज माझ्यासारखाच खणखणीत. "आणि तुम्हाला काही झालं असतं तर? मी परत त्या सालींना हात लावू शकले असते का?"

ह्यांनी चमकून वर पाहिलं. एवढा विचार ह्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. मग तिच्यापुढे हात केला.

"दे गं गोळी."

लेकीने गोळी हातावर ठेवली आणि ते गिळेपर्यंत त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला.