एक पायरी कमी

मी पोस्टाने गणित शिकवायचो. हसू नका, एकोणीसशे बहात्तर साली नागपुरातल्या आमच्या शिक्षणवर्गाचं तेच काम होतं. बाहेरून मॅट्रिकला बसणाऱ्यांना धडे टपालाने जायचे, सोडवलेली गणितं टपालाने यायची, आणि ती लाल शाईने रंगवून मी परत पाठवायचो. प्रत्येक धड्याच्या माथ्यावर माझं वाक्य छापलेलं असायचं : 'स्वतः एकट्याने सोडवा.' विद्यार्थ्यांचं तोंड न बघता शिकवण्यात फार सुख होतं. कोणी जांभई देत नसे.

त्या पावसाळ्यात शहरातल्याच इतवारीच्या चंद्रकलाचा पेपर आला, अर्धा कोरा. विणकराच्या घरातली सून, दोन लेकरांची आई. विणकरांच्या सोसायटीची बालवाडी पुढच्या जूनमध्ये निघणार होती, आणि ती मॅट्रिक झाली तर शिक्षिकेची जागा तिचीच, असं ठरलं होतं. बीजगणितात ती दोनदा आपटली होती. पेपरामागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "गुरुजी, हे फकत मलेच येत नाही, का आनखी कोनाले येत नाही? मलेच येत नसन तं सोडून देते."

मी चिडलो. चिडून ढिगातले आणखी पेपर काढले. सावनेरचे शेतकरी चंपतराव, तोच धडा, तीच चूक. मौद्याची गोपिका, पुन्हा तीच चूक. तिघंही एकाच खड्ड्यात पडली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की खड्डा आपल्याच दारात आहे. पत्ते कोणाला द्यायचे नाहीत, असा वर्गाचा नियम होता. मी तो मोडला आणि चंद्रकलाला दोघांचे पत्ते पाठवले.

महिन्याभरात एक वही फिरू लागली, इतवारीहून सावनेर, तिथून मौदा, परत इतवारी. एकाचं अडलेलं दुसरा सोडवायचा आणि खाली आपलं अडलेलं लिहायचा. एकदा चंद्रकला ती वही घेऊन माझ्या घरी आली. पाहतो तर शेवटचं गणित अर्धवट.

"हे काहून सोडलं वं?"

"गुरुजी, आमच्या घरी माग रिकामा सोडत नाही. लुगडं उतरवलं तरी ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं मागावरच ठेवतात, अन् नवे धागे त्यायलेच जोडतात. म्हनून वहीत शेवटचं गणित एक पायरी कमी ठेवायचं. ज्याच्याकडे वही जाईन, तो तिथूनच धरन."

त्या वहीत चंपतरावांची म्हैस व्यायल्याची बातमीही होती. ही वही आहे की चावडी, असं मी कुरकुरलो. वाचली मात्र पहिल्या पानापासून.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली, अर्थात टपालाने. तिघांचे पेपर तपासले आणि माझं डोकं फिरलं. तिघांनीही शेवटचं गणित एक पायरी आधी सोडलेलं. चंद्रकला दोन गुणांनी नापास, आणि त्या एका पायरीला गुण होते तीन. नक्कल केली असणार, असं धरून मी तिघांना रविवारी घरी बोलावलं.

ओसरीत त्यांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. चंपतरावांच्या पांढऱ्या मिशा पाहून चंद्रकलाने चटकन डोक्यावर पदर घेतला. सहा महिने ती त्यांना वहीतून दटावत होती. मी पेपर पुढे टाकले. तिघांनी एकमेकांचे पेपर उलटून पाहिले.

"मले वाटलं," गोपिका हळूच म्हणाली, "पुढची पायरी चंद्रकलाताई करतीन."

चंपतराव आधी हसले, मग सगळीच. मीही हसलो, पण मनातून घाबरलो होतो. ही सवय मीच लागू दिली होती, आणि बोर्डाच्या परीक्षेत ताई शेजारी नसणार होती.

मार्चमध्ये गणिताच्या पेपराला मी केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिघांना म्हणालो, "आज काही शिल्लक ठेवू नका बाप्पा. माग पुरता रिकामा करा." तीन तासांनी चंद्रकला बाहेर आली. "पुरतं केलं गुरुजी. पन शेवटी हात थांबून राहिला होता."

जूनमध्ये निकाल लागला. गोपिका पास झाली. चंद्रकलाला सदतीस गुण मिळाले, पासाला पस्तीस लागत. चंपतराव मात्र चार गुणांनी राहिले. बालवाडी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चंद्रकला पेढे घेऊन आली आणि वही माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "ही सावनेरले पाठवा."

मी शेवटचं पान उघडलं. चंपतरावांचं जे गणित चुकलं होतं, तेच तिने स्वच्छ अक्षरात मांडलं होतं. एक पायरी कमी होती.

"चंपतराव राहिले न गुरुजी. त्यायले धराले टोक पायजे."

मी पेढा तोंडात टाकून वेळ मारून नेली. नव्या वर्षाचे धडे छापायला जायचे होते. ती गेल्यावर मी लाल शाईची दौत उघडली, माथ्यावरचं 'स्वतः एकट्याने सोडवा' हे माझं वाक्य खोडलं, आणि त्या जागी सगळ्या विद्यार्थ्यांचे पत्ते लिहायला बसलो. पहिला पत्ता चंपतरावांचा लिहिला.