दर मिनिटाची नोंद

सोनाजी गेले त्याच्या आदल्या दिवशी करुणा कॉलेजच्या संगणक कक्षात त्यांच्या शेजारी बसून भाजलेल्या शेंगा फोडत होती. पुण्याहून ती सुटीवर आली होती, संध्याकाळच्या गाडीनं परत निघायची होती, म्हणून आईनं, कमलबाईंनी, बापलेकीचा डबा एकत्रच पाठवला होता. जूनचा उकाडा. पंखा होता, पण त्याचा सगळा वारा सर्व्हरच्या अंगावर.

"थोडा इकडं वळवा की बाबा."

"आपल्याला घाम आला तर पुसता येतो. ह्याला कोण पुसणार?"

सेनगावच्या त्या कॉलेजात सोनाजी प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले होते. नव्वद सालानंतर कधीतरी तिथं संगणक आले, तेव्हा त्यांच्यावरचं प्लास्टिक काढायचीही बाकीच्यांना धास्ती. सोनाजींनी खोकी उघडली, तारा जोडल्या, आणि करुणा इंजिनिअरिंगला गेल्यावर तिच्या जुन्या पुस्तकांवरून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकले. अडलं की ते रविवारी तिला फोन करत आणि खुशाली विचारायच्या आधी आज्ञा विचारत.

त्यांचा जीव होता तो एका छोट्याशा प्रोग्रॅमवर. त्यात चित्र नाही, बटण नाही. एक ओळ टाइप केली की मशीन किती राबलं, मेमरी किती गुंतली, डिस्क किती भरली, याचे आकडे रांगेनं उतरत. दुसरी ओळ टाइप केली की त्याच आकड्यांचा आलेख.

"हे पाय," एका खळग्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं हेडक्लार्क नरसिंगराव जेवाय गेले. आन् हितं परत आले. मधी एवढी झोप."

करुणा हसली. मग तिच्या लक्षात आलं की नोंद दर मिनिटाला होतेय.

"दहा मिनिटांनी एक पुरे की बाबा. आमच्या कंपनीतसुद्धा तेवढीच असते."

"तुमच्या कंपनीत चालंल. हितं मशीन बंद पडलं की बोट आधी कोणाकडं येतं? आपल्याजवळ पुरावा आसू दे."

एकदा प्रिंटर बंद पडला होता तेव्हा साऱ्या ऑफिसनं आधी सोनाजींकडंच पाहिलं होतं. 'ह्या लोकांच्या हाती मशीन दिलं की असंच' हे वाक्यही कुणीतरी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं. शेवटी उंदरानं तार कुरतडल्याचं निघालं. उंदीर सापडला, माफी मागणारा कोणी सापडला नाही. करुणानं वाद वाढवला नाही. टरफलं कागदात गुंडाळली आणि गाडी गाठली.

सकाळी अंघोळीचं पाणी काढताना सोनाजी खाली बसले ते उठलेच नाहीत. पुण्यात खोलीचं दार उघडून तिनं चपलाही काढल्या नव्हत्या, तेवढ्यात फोन वाजला. आली तशी ती उलट पावली फिरली.

जलदान विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजचे हेडक्लार्क नरसिंगराव घरी आले. पाण्याचा पेला हातात फिरवत म्हणाले,

"करुणाताई, जरा तकलीफ द्यायची व्हती. सोनाजी गेले त्याच दिवशी सर्व्हर बंद पडला. प्रवेशाचे फॉर्म आडकलेत. बाहेरून माणूस आणला, त्याला काई उमगंना. आन् लोकं..."

"लोकं काय म्हणून राहिलेत?" आतून कमलबाईंचा आवाज आला.

"म्हणतेत, जाताजाता सोनाजीनं कायतरी कुलूप घालून ठिवलं."

कमलबाई दारात आल्या. "जाताजाता? त्यांना मला हाक मारायची सवड भेटली न्हाई, आन् तुमच्या मशीनला कुलूप घालायची भेटली व्हय?"

नरसिंगरावांनी मान खाली घातली. "मी न्हाई म्हणत, वैनी. पण उद्या शोकसभा हाय. त्याच्या आधी मशीन चालू झालं तर लोकांची तोंडं बंद होतील."

करुणा उठली. बापाच्या नावाला लागलेला डाग तिला पुसायचा होता. काहीतरी सापडेल, उंदीर सापडेल, अशी तिची खात्री होती.

खुर्चीवर सोनाजींची घडी केलेली चादर तशीच होती. तिच्यावर बसून करुणानं बटण दाबलं; मशीन काळ्या पडद्यापर्यंत येऊन अडलं, तिथंच तिनं तीच ओळ टाइप केली, मग दुसरी. आलेख उतरला. मशीन राबल्याची रेघ नेहमीसारखी वर-खाली होत होती, पण डिस्कची रेघ नुसती चढत गेली होती, एकही उतार नाही, थेट वरच्या कडेला टेकेपर्यंत. जागा कुणी खाल्ली ते ती शोधत गेली. मुलांनी उतरवलेली गाणी असतील, फॉर्म असतील. ते सगळं चिमूटभर निघालं. बाकी सारी जागा सोनाजींच्या नोंदींनी भरली होती. दर मिनिटाचे आकडे, वर दर तासाचा आलेख, आणि जुन्या नोंदी आपोआप पुसायची सोय त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलेली. नाडी पाहायला हात धरावा, आणि तो इतका वेळ धरून ठेवावा की माणसाला घासही उचलता येऊ नये, तसं झालं होतं.



मग जुन्या नोंदी तिनं काढून टाकल्या. मशीन पूर्ण सुरू झालं, फॉर्म उघडले. नरसिंगराव दारातच उभे होते. तिनं त्यांना जे होतं ते सांगितलं.

"हे कोणाला सांगू नका," ते घाईनं म्हणाले. "डिस्क जुनी हाय म्हणू. गेल्या माणसाचं कशाला काढायचं? मी बघतो."

ते मनापासून बोलत होते. करुणानं मानही डोलावली.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "डिस्क जुनी झाली होती, असं नरसिंगरावांकडून कळलं. सोनाजींचा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी कधीच चूक केली नाही." सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. समोर टेबलावर हार घातलेला फोटो होता. आणि करुणाला दिसलं की मेल्यावरही त्यांना हेच काम लावलंय, चूक न करण्याचं.

ती उभी राहिली.

"डिस्क चांगली आहे, सर. चूक बाबांची होती. त्यांनी इतक्या नोंदी ठेवल्या की मशीनला जागा उरली नाही."

नरसिंगरावांनी डोळे मिटून घेतले. मागं कुणीतरी खाकरलं.

"त्यांना मशीनची काळजी होती, पण दर मिनिटाला नोंद काळजीनं कोणी ठेवत नाही. ती भीतीनं ठेवतात. काही बिघडलं की तुम्ही कोणाकडं बघाल, हे त्यांना माहीत होतं. इथली पोरं रोज मशीन बंद पाडतात, त्यांना कोणी पुरावा मागत नाही. बाबांना मात्र एक चूक परवडणार नाही, असं वाटायचं. मलाही तेच वाटत आलंय. म्हणून मीही त्यांना कधी म्हणाले नाही..."

पुढचं त्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. ती फोटोकडं वळली. आवाज तिनं खाली आणला नाही.

"बाबा, चुकलं तर चुकू द्या. तुमी चुकलात तरी आमाला चालतंय."