मूळ धरेपर्यंत

चिमट्याने तिने बाटलीतलं रोप अलगद उचललं आणि उलटं करून पाहिलं. देठाचं टोक काळं पडलं होतं. मूळ नव्हतं. प्रयोगशाळेच्या फळीवरची ही शेवटची बाटली. बाकीच्या बाटल्यांतल्या रोपांनी आधीच मान टाकली होती.

चूक तिचीच होती. डोंगरातून औषधी मुळ्या खणून विकण्यात बाबांचा जन्म गेला होता. ज्या मुळीवर घर चाललं, तिचं अखेरचं झुडूप त्यांनी मागच्या हिवाळ्यात तिच्या हाती आणून दिलं. मी खणून खणून संपवलं, तू वाढव, परत लावू, एवढंच म्हणाले. मग त्यांच्या फुप्फुसांचा रिपोर्ट आला आणि तिला घाई झाली. फुटवे आणणारं संप्रेरक अगदी कणभर पुरतं, हे ती नवशिक्यांना बजावून सांगायची. पण बाबांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून तिनेच मात्रा वाढवली, मग आणखी वाढवली. बाटल्या हिरव्यागार भरल्या. सगळे वाहवा करत होते. पुढे पानं काचेसारखी, पाणी भरलेली दिसू लागली. मुळं आणणारं दुसरं संप्रेरक कमी-जास्त करून पाहिलं, तरी एकाही फुटव्याला मूळ फुटेना. अति तिथे माती म्हणतात. यांच्या नशिबात तीही नव्हती. बाबांनी दिलेलं झुडूप तर बाटल्यांत वाढवायला तुकडे करता करता कधीच संपलं होतं.

बाबा रोज विचारायचे. त्या दिवशीही तिच्याने खरं सांगवेना. तिने ते रोप कुंडीत खोचलं, भोवती ओली माती दाबली आणि घरी नेलं. दोन-चार दिवस तरी उभं राहील, आणि बाबांकडेही त्याहून जास्त दिवस नव्हते. असा हिशेब केल्याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

नाकातली नळी सावरत बाबा उशीला टेकून बसले.

"चिमटे, आणलंस की गं."

लहानपणी ती भावाला चिमटे काढायची, म्हणून हे नाव. डोंगरावर कधी लावायचं, त्यांनी विचारलं. जरा जोम धरू दे, असं पुटपुटत ती पाणी आणायला आत गेली.

परतताना ती दारातच थांबली. कुंडी बाबांच्या मांडीवर होती. लागलेलं रोप ओढलं की मातीला धरून राहतं. म्हणून मुळ्या खणणारे आधी हलकेच ओढून बघतात. त्यांनीही दोन बोटांनी ओढलं. रोप सरळ हातात आलं. ते काळं टोक त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग बोटाने मातीत भोक पाडून रोप परत खोचलं आणि दम लागत असतानाही अंगठ्याने सगळीकडून माती दाबली.

ती आत आली. त्यांनी पेला घेतला आणि अर्धं पाणी कुंडीत ओतलं.

"चांगलं धरलंय," ते म्हणाले. "आता जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

तिने त्यांच्या अंगठ्याची माती पुसली आणि हो म्हणाली.